टपाल तुंबले आणि रिपोर्ट हरवला

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या ई-मेलवर एक पत्र येऊन पडले. ते मी उघडले सोमवारी सकाळी साडेअकराला. मधल्या चाळीस तासांत माझ्या एका रुग्णाच्या जिवावर बेतले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

रुग्ण म्हणजे गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. वय बहात्तर. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याच्या मागोमाग आलेला, आणि मूत्रपिंडे थोडी थकलेली. पायांवर सूज येते म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाच्या जुन्या गोळीच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी दिली होती. गोळी चांगली आहे, पण ती शरीरात पोटॅशियम साठवते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात. म्हणून दोन्ही चालू असतील तर काही दिवसांनी रक्त तपासावे लागते. त्याप्रमाणे शनिवारी सकाळी गुरुजींचे रक्त घेतले. त्यात भर म्हणजे कोणीतरी सांगितले म्हणून गुरुजी रोज सकाळ-संध्याकाळ शहाळ्याचे पाणी पीत होते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. हे मला नंतर कळले.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम होते ६.४. साधारण ३.५ ते ५ एवढे असावे. सहाच्या पुढे गेले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि कधी कधी हृदय आधी काहीही न सांगता थांबते. असा आकडा आला की प्रयोगशाळेने डॉक्टरला फोन करायचा असतो. एरवी तसा फोन येतोही. त्या दिवशी आला नाही. नेहमीच्या रिपोर्टांसारखा तोही ई-मेलने रवाना झाला, एक प्रत मला आणि एक गुरुजींना.

सोमवारी मुलाच्या खांद्यावर हात टाकून गुरुजी दवाखान्यात आले. "डॉक्टर, ओट्यावर चढायला पायच उचलेना," म्हणाले. नाडी हाताला लागली ती मिनिटाला शेहेचाळीस. ईसीजी काढला तर त्यावर तंबूसारखे उंच टोकदार उंचवटे. मग मी धावतपळत संगणक उघडला. शनिवारनंतर आलेल्या पासष्ट पत्रांच्या ढिगाखाली तो रिपोर्ट पडलेला होता. त्याच्या वर औषध कंपन्यांची आमंत्रणे, विमा कंपनीची आठवण, एका परिषदेची सहावी सूचना, बुटांवर सवलत आणि ज्या साइटवर मी एकदाच स्टेथोस्कोप घेतला होता तिचे रोजचे पत्र. कॅल्शियमचे इंजेक्शन हळूहळू शिरेतून देऊन गुरुजींना जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. चौथ्या दिवशी ते घरी परतले. नशीब त्यांचे, आणि माझेही.

प्रयोगशाळेने फोन करायला हवा होता, हे खरे. पण पत्र माझ्याकडे आले होते, हेही तितकेच खरे. गुरुजींकडेही ते आलेच होते. त्यांच्या मोबाइलवर न वाचलेल्या पत्रांचा आकडा अकरा हजारांच्या वर होता. "अहो, त्यात रोज काय काय येतं. मी उघडणंच सोडलं," ते म्हणाले. आम्हा दोघांचे दुखणे एकच होते, म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहितो आहे. आरोग्याच्या सदरात संगणकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आता रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, हॉस्पिटलच्या तारखा, विमा मंजुरीची पत्रे हे सारे ई-मेलनेच येते. तेव्हा ही पेटी तुंबली तर तो आरोग्याचाही प्रश्न होतो.

पिठाच्या गिरणीशेजारी राहणारा माणूस दिवसभर गिरणीच्या आवाजात दुपारची झोप काढतो. कान शाबूत असतात, पण मेंदू ठरवतो की हा आवाज कामाचा नाही. एकच एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही, की मेंदू तिची दखल घेणे बंद करतो. हा आळस नव्हे, हे मेंदूचे शहाणपण आहे. फक्त ते कधी कधी अंगाशी येते. अतिदक्षता विभागात याला अलार्मचा थकवा म्हणतात. तिथली यंत्रे दिवसभर वाजत असतात आणि बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते, रुग्णाने हात हलवला किंवा छातीवरची चकती सुटली. मग खरा अलार्म वाजतो तेव्हाही कोणी मान वर करत नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ साली याबद्दल धोक्याची सूचना काढली होती. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली आणि त्यातल्या ८० घटनांत रुग्ण दगावला होता. यंत्र बंद पडले होते असे नव्हे. ऐकणाऱ्यांच्या कानांना सवय झाली होती, हेही त्यामागच्या कारणांतले एक मोठे कारण होते.

माझ्या संगणकावर शनिवारी पत्र आल्याची घंटा वाजली होती. मी ती ऐकलीही असेन.

मग इलाज काय? पहिला इलाज मी तोच केला जो सगळे करतात. एका रविवारी बसून दीड हजार पत्रे हाताने पुसली. दोन आठवड्यांत पेटी पुन्हा तुंबली. गटार तुंबले की घाण काढायची आणि नळ मात्र तसाच वाहता ठेवायचा, असा तो प्रकार. शेवटी आमच्या कंपाउंडरची मुलगी, जी कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी करते आहे, मला म्हणाली, "डॉक्टरकाका, रोज तेच तेच कशाला पुसता? एकदा नियम लावून द्या, तो आपोआप करेल." मला वाटले होते की या गोष्टीला प्रोग्रामिंग यावे लागत असेल. तसे काही नाही.

नियम म्हणजे संगणकाला दिलेली एक कायमची सूचना, 'असे असे पत्र आले तर त्याचे असे असे कर.' जीमेलमध्ये याला फिल्टर म्हणतात, आउटलुकमध्ये रूल. दवाखान्यात सकाळी गर्दी होते तेव्हा माझा कंपाउंडर काय करतो? ड्रेसिंगवाले आत पाठवतो, औषध कंपनीच्या प्रतिनिधींना बाकावर बसवतो, वर्गणी मागायला आलेल्यांना संध्याकाळी बोलावतो, आणि छातीत दुखते म्हणणाऱ्याला थेट माझ्यासमोर आणतो. नियम हेच काम करतो. फरक एवढाच, की कंपाउंडर चेहरा बघतो आणि नियम फक्त अक्षरे बघतो. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

जीमेल असेल तर संगणकावर उघडावे. मोबाइलच्या ॲपमध्ये नियम तयार करायची सोय नाही. पण एकदा संगणकावर केला की तो मोबाइलवरही लागू होतो. वरती शोधायची लांब पट्टी असते, तिच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचे एक चिन्ह आहे. ते दाबले की एक छोटा तक्ता उघडतो. 'फ्रॉम' म्हणजे पाठवणारा कोण, 'सब्जेक्ट' म्हणजे विषयाच्या ओळीत कोणता शब्द, 'हॅज द वर्ड्स' म्हणजे पत्रात कुठेही कोणता शब्द, आणि 'डझन्ट हॅव' म्हणजे कोणता शब्द नसावा. हे भरून आधी 'सर्च' दाबावे. या अटीत कोणकोणती जुनी पत्रे सापडतात ते समोर येते. ती नीट पाहून घ्यावीत. औषध लिहिण्याआधी कशाची ॲलर्जी आहे का विचारतो ना, तसेच हे. नको ती पत्रे सापडली तर अट बदलावी. सारे ठीक असेल तर पुन्हा तक्ता उघडून 'क्रिएट फिल्टर' दाबावे. मग पत्राचे काय करायचे ते विचारले जाते. 'स्किप द इनबॉक्स' म्हणजे समोरच्या पेटीत आणू नको, बाजूला ठेव. 'अप्लाय द लेबल' म्हणजे त्यावर अमुक नावाची चिठ्ठी लाव. 'डिलीट इट' म्हणजे कचऱ्यात टाक. 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' म्हणजे याला भामट्यांच्या पेटीत कधीही टाकू नको. नियम एरवी पुढे येणाऱ्या पत्रांनाच लागतो. आधीच साठलेल्यांना लावायचा तर खाली त्यासाठी वेगळा चौकोन आहे, त्यात खूण करावी. माझी साडेतीन हजार जुनी पत्रे अशीच मिनिटाभरात बाजूला झाली. आउटलुकमध्ये सेटिंग्जमध्ये मेल आणि त्यात रूल्स असे जावे. तिथे नियम वरून खाली क्रमाने चालतात, म्हणून महत्त्वाचा नियम वर ठेवावा.

मी पहिला नियम लावला तो कचऱ्याचा नव्हे, रिपोर्टचा. आमच्या भागातल्या ज्या दोन-तीन प्रयोगशाळांकडून मला रिपोर्ट येतात त्यांचे पत्ते घेतले, त्यांच्या पत्रांवर 'रिपोर्ट' अशी चिठ्ठी लावायला सांगितली, तारा लावायला सांगितला आणि स्पॅममध्ये कधीही न टाकण्याच्या चौकोनात खूण केली. हा शेवटचा चौकोन फार महत्त्वाचा. ज्या पत्राला पीडीएफ जोडलेली असते आणि जे एका वेळी अनेकांना यंत्राने पाठवलेले असते, त्याचा संशय जीमेलला कधी कधी येतो. स्पॅममध्ये पडलेले पत्र तीस दिवसांनी आपोआप नष्ट होते. आपल्याला वाटत राहते की रिपोर्ट अजून आलाच नाही.

त्यानंतर सवलतींच्या पत्रांकडे वळलो, आणि इथे माझी चूक होता होता राहिली. पेटीत सर्वांत जास्त कटकट कोणाची, हे पाहिले तर एक प्रयोगशाळाच निघाली. 'संपूर्ण शरीर तपासणी निम्म्या किमतीत' अशी आठवड्याला चार पत्रे. वैतागून मी त्या पत्त्यावरून येणारे सगळे कचऱ्यात टाकायला निघालो होतो. कंपाउंडरच्या मुलीने हात धरला. "काका, रिपोर्ट पण याच पत्त्यावरून येतात." खरेच होते! जाहिरात आणि रिपोर्ट, पाठवणारा एकच. मग अट अशी केली, की पाठवणारा हा, विषयात 'ऑफर' किंवा 'पॅकेज' हे शब्द असावेत, पण पत्रात 'रिपोर्ट' हा शब्द नसावा. आणि तरीही पत्र पुसायचे नाही, फक्त 'जाहिराती' नावाच्या चिठ्ठीखाली बाजूला ठेवायचे.

यातून मी माझ्यापुरता एक पथ्याचा नियम केला. कोणताही नवा नियम पहिले दोन आठवडे पुसणारा नसावा, बाजूला ठेवणारा असावा. दोन आठवडे ती बाजूची पेटी चाळावी. त्यात एकही कामाचे पत्र सापडले नाही तरच पुढे 'डिलीट'चा विचार करावा. बँकेच्या आणि विम्याच्या पत्रांना तर पुसणारा नियम कधीच लावू नये. खात्यातून पैसे गेल्याची सूचना कंटाळवाणी पत्रे पाठवणाऱ्या त्याच पत्त्यावरून येते.

मग गुरुजींची पाळी. माणूस शिक्षक, तेव्हा वही घेऊनच बसले. माझ्याकडून एकदा पाहिले आणि घरी जाऊन नातवाच्या मदतीने स्वतः नऊ नियम लावले. पंधरा दिवसांनी मी त्यांना ई-मेल केले, 'गुरुवारी चेकअपला या.' गुरुजी आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "तुमचं पत्रच नाही." शोधल्यावर सापडले कचऱ्याच्या डब्यात. तपासणीच्या जाहिरातींचा राग येऊन त्यांनी ज्या पत्रात 'चेकअप' शब्द असेल ते सरळ पुसायला सांगितले होते. नियमाने आज्ञा चोख पाळली. त्याला काय माहीत, कोणता चेकअप दुकानातला आणि कोणता डॉक्टरचा! कचऱ्यातले पत्रही तीस दिवस राहते म्हणून हाती लागले. एकट्या शब्दावर नियम बांधू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि शब्द अशी जोडी हवी.

पत्रे मुळात येऊच नयेत, अशीही सोय आहे. ओळखीच्या दुकानाकडून किंवा कंपनीकडून येणाऱ्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'अनसबस्क्राइब' असते. ते दाबावे. २०२४ सालापासून, जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रे पाठवणाऱ्या जाहिरातदारांना एका टिचकीत नाव काढायची सोय देणे गूगलने बंधनकारक केले आहे. पण पत्र अनोळखी, संशयास्पद असेल तर त्यातले काहीही दाबू नये. दाबले की त्या भामट्याला कळते, हा पत्ता जिवंत आहे. ते सरळ स्पॅम म्हणून नोंदवावे. हा उपद्रव काही नवा नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने तिथल्या अर्पानेट जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना कंपनीच्या संगणकाची जाहिरात एकदम पाठवली. नको असलेल्या पत्रांचा तो पहिला प्रसंग मानतात. तेव्हाही लोक चिडलेच होते.

किती वेळा पेटी उघडावी, असे मला आता रुग्ण विचारतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले कुश्लेव्ह आणि डन यांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहायला सांगितले आणि एक आठवडा हवे तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मला हे पटते, पण एका अटीवर. तीनदाच पाहायचे तर समोरच्या पेटीत कामाचेच राहिले पाहिजे. मी आता सकाळी ओपीडीआधी, दुपारी जेवणाआधी आणि रात्री नऊला पाहतो. पहिल्यांदा फक्त 'रिपोर्ट'ची चिठ्ठी. बाकीचे वेळ उरला तर. न उरला तर आभाळ कोसळत नाही, हेही अनुभवाने कळले.

आमच्याकडे एक वेगळीच अडचण आहे आणि तिच्यावर कुठलाही नियम चालत नाही. पुष्कळ वयस्कर मंडळींचा ई-मेल पत्ता मोबाइलच्या दुकानदाराने सिमकार्ड घालताना तयार करून दिलेला असतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक, किंवा आता त्यालाही नाही. प्रयोगशाळेत पत्ता विचारला की कोणी पुण्याच्या भाच्याचा सांगते, कोणी मुंबईच्या जावयाचा. रिपोर्ट पुण्याला जातो, भाचा कामाच्या गडबडीत, आणि इथे मावशी म्हणतात, डॉक्टरांचा फोन नाही म्हणजे सगळे ठीक असेल. वाचकहो, ही समजूत आधी काढून टाका. फोन नाही याचा अर्थ रिपोर्ट चांगला असा होत नाही. रिपोर्ट कोणी पाहिलाच नाही, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. रक्त देताना तिथेच विचारावे की रिपोर्ट कधी, कोणाच्या पत्त्यावर जाणार. त्या वेळेला तो हाती नसेल तर आपण फोन करावा. मूत्रपिंडाचे, हृदयाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, केमोथेरपी चालू असलेले, गर्भवती बायका, यांनी तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. घरात ई-मेल ज्याच्याकडे जातो त्याच्या पेटीत प्रयोगशाळेच्या पत्त्याचा नियम लावून घ्यावा, म्हणजे भाच्यालाही ते वेगळे दिसेल.

दोन-तीन महिन्यांतून एकदा सेटिंग्जमधली 'फिल्टर्स' ही यादी उघडून बघावी. आपण न लावलेला नियम तिथे दिसला, विशेषतः आपली पत्रे दुसऱ्याच पत्त्यावर पाठवणारा, तर कोणीतरी खात्यात शिरले आहे असे समजावे. तो नियम लगेच काढावा आणि पासवर्ड बदलावा. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात बसून हे उद्योग केले असतील तर निघताना लॉग आउट करायला विसरू नये.

आमच्याकडे आता प्रयोगशाळांना लेखी कळवले आहे, की पोटॅशियम, साखर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट यांचा धोक्याचा आकडा आला तर ई-मेल पाठवायचाच, पण आधी फोन करायचा. मी उचलला नाही तर कंपाउंडरला, त्यानेही नाही तर रुग्णाला. गुरुजींची नवी गोळी तज्ज्ञांनी बंद केली, शहाळे मी बंद केले. परवाच्या शनिवारी पुन्हा रक्त दिले. संध्याकाळी साडेसहाला माझ्या पेटीत तारा उगवला. उघडतो तोच त्यांचा फोन, "डॉक्टर, ४.६ आहे. माझ्याकडे तुमच्या आधी आला. आता आठवड्यातून एखादं शहाळं चालेल का?"